बुटाची चोरी

काहीजण म्हणतात की खुनी कोण ते कळलं की रहस्यकथा संपली, परत वाचण्यात काय हशील? मला पटलं नाही. आर्थर कॉनन डॉयलची शेरलॉक होम्स कादंबरी ‘द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स’ मी चौथ्यांदा वाचली ती निव्वळ बुटांसाठी. (वाचली नसेल तर इथेच थांबा.) बास्करव्हिल घराण्याचा वारस सर हेन्री याचा लंडनच्या हॉटेलातून आधी कोरा तपकिरी बूट जातो, मग जुना काळा जातो आणि कोरा परत सापडतो. पहिल्या वाचनात हा प्रकार हॉटेलातला वेंधळेपणा वाटून सोडून दिला होता. कोऱ्या बुटाला माणसाचा वास नसतो आणि चोराला कुत्र्याला माग दाखवायला नेमका तो वासच हवा होता, हे शेवटी कळतं. पण दुसऱ्यांदा वाचताना कळतं की लेखकाने हे अगदी आपल्या नाकासमोर ठेवलं होतं. शाळेत असताना वाचलेल्या संक्षिप्त अनुवादात एकच बूट चोरीला जात होता. म्हणजे पानं वाचवायला मुख्य धागाच कापला होता!

आणखी एक. होम्सला डॉयलने १८९३मध्येच मारून टाकलं होतं. ही कादंबरी ऑगस्ट १९०१पासून स्ट्रँड मासिकात क्रमशः आली ती त्याच्या मृत्यूआधीची हकीकत म्हणून. त्या वाचकांच्या लेखी होम्स मेलेलाच होता. त्यात मधली कितीतरी प्रकरणं तो गायब, सगळा भार त्याचा मित्र वॉटसनच्या पत्रांवर आणि डायरीवर. हे लक्षात ठेवून माळावरच्या दगडी झोपडीत होम्स अचानक समोर येतो तो प्रसंग परत वाचून बघा.