रानहत्ती पाहायला जाताना : अनुभव धागा

धागाकर्ती
व्याघ्रसफारीबद्दल मराठीत भरपूर माहिती मिळते. हत्तींसाठी मुद्दाम जायचं असेल तर मात्र लोक अंदाजानेच निघतात आणि चुकीच्या महिन्यात पोचतात. ज्यांना जागा नीट माहीत आहेत त्यांनी लिहा : कुठे, कोणत्या महिन्यात, कोणत्या वाहनातून, काय बिनसतं आणि का. प्रवासवर्णन नको, पुढच्या माणसाला कामाला येईल असं हवं.

पाणवठा
हत्तींसाठी भारतात एकच ठिकाण निवडायचं झालं तर मी कर्नाटकातलं कबिनी सांगेन, आणि तेही मार्चअखेर ते मेच्या मध्यापर्यंत. कारण पाण्यात आहे. कबिनी नदीवरचं धरण १९७४चं. उन्हाळ्यात त्याचं पाणी उतरत जातं आणि उघड्या पडलेल्या गाळपेरावर कोवळं गवत उगवतं. नेमकं तेव्हाच दोन्ही काठांवरच्या नागरहोळे आणि बंदीपूर या अभयारण्यांच्या आतली तळी आटलेली असतात, जंगलातलं गवत वाळून खडखडीत झालेलं असतं. पाणी आणि चारा एकाच जागी, म्हणून दोन्हीकडचे कळप काठावर उतरतात. आशियाई हत्ती इतक्या मोठ्या संख्येने एकत्र दिसण्याच्या जगातल्या मोजक्या जागांपैकी ही एक.

यात बिनसतं ते वळवाच्या पावसामुळे. एप्रिलमध्ये दोन-तीन चांगल्या सरी झाल्या की आतल्या तळ्यांत पाणी येतं, बांबूला पालवी फुटते आणि कळप पांगतात. दोन महिने आधी बुकिंग करताना हे कळायला मार्ग नाही, म्हणून किमान दोन रात्री ठेवा. पावसानंतर हिवाळ्यापर्यंत जंगल सुंदर दिसतं, पण घाणेरीच्या जाळ्यांत दहा फुटांवरचा हत्ती दिसत नाही.

जीप की बोट? दोन्ही घ्या, पण संध्याकाळची एक फेरी बोटीचीच ठेवा. दुपारच्या उन्हात हत्ती सावलीत थांबतात आणि चारनंतर काठाकडे यायला लागतात. बोट काठाला समांतर हळू जाते आणि कळप पोहताना, चिखल अंगावर घेताना, पिल्लांसह चरताना पुरेसा वेळ दिसतो. जीपमध्ये वाघ-बिबट्याच्या बातमीमागे गाडी पळवायची सवय असते. निघण्यापूर्वीच चालकाला आणि मार्गदर्शकाला सांगा : आम्हाला हत्ती बघायचेत, एका कळपापाशी अर्धा तास थांबलं तरी चालेल. याने सगळी फेरी बदलते.

मैसूरहून एच. डी. कोटेमार्गे सुमारे ८० किलोमीटर. कर्नाटक सरकारच्या जंगल लॉजेस अँड रिसॉर्ट्समध्ये मुक्काम केलात तर सफारी त्यातच धरलेली असते. राहायचं नसेल तर वनखात्याची बस दम्मनकट्टे फाटकावरून सुटते. ती स्वस्त आहे, पण खिडकीची जागा मिळेलच असं नाही. आणि निघण्यापूर्वी सफारी चालू आहे ना, याची खात्री करा. नोव्हेंबर २०२५मध्ये वाघांच्या हल्ल्यांनंतर नागरहोळे आणि बंदीपूर दोन्हीकडची सफारी सरकारने थांबवली होती.

मुग्धा_पुणे
@पाणवठा, सात वर्षांची मुलगी आणि सत्तरीचे सासरे बरोबर असतील तर? सासऱ्यांना कंबरेचा त्रास आहे.

पाणवठा
सासऱ्यांना दोन्ही वेळा बोटच द्या, जीपचे धक्के कंबरेला सोसायचे नाहीत. जीप घेतलीच तर मधल्या रांगेत बसवा. मागची बाकं चाकावर येतात, तिथे आदळआपट सगळ्यात जास्त. मुलीला लाइफ जॅकेट तिच्या मापाचं मागून घ्या, मोठ्यांचं घट्ट आवळून चालत नाही. एप्रिलमध्ये बोटीवर ऊन थेट पाण्यावरून परावर्तित होतं, टोपीचा त्याला उपयोग नाही. लांब बाह्यांचे सुती कपडे घाला.

हबरणा_फेरी
श्रीलंकेतलं मिन्नेरिया राष्ट्रीय उद्यान हे कबिनीचंच तत्त्व, फक्त महिने उलटे. तिथलं तळं राजा महासेनाने तिसऱ्या शतकात बांधलं. जुलै ते सप्टेंबर तिथला कोरडा काळ; तळं आक्रसतं, काठावर गवत येतं आणि आजूबाजूच्या जंगलांतून हत्ती जमतात. आपल्या पावसाळ्यात जाता येतं, हा मराठी माणसाला मोठा फायदा.

पण फक्त "मिन्नेरिया" धरून बसू नका. वरच्या मोरगहकंद धरणातून पाणी सोडलं की मिन्नेरियाचा काठ बुडतो, गवतही बुडतं आणि हत्ती शेजारच्या कौदुल्ला उद्यानाकडे किंवा हुरुलु इको पार्ककडे सरकतात. तिन्ही ठिकाणं हबरणा गावापासून जवळ आहेत. म्हणून मुक्काम हबरणेत करा आणि उद्यान त्याच दिवशी सकाळी ठरवा. जीपवाल्याला एवढंच विचारा : काल संध्याकाळी कळप कुठे होता? आगाऊ पैसे भरून एकाच उद्यानाचं पॅकेज घेतलेले लोक रिकामा काठ बघून परततात.

जीपचं भाडं आणि उद्यानाचं तिकीट वेगळं असतं. दर ठरवताना दोन्ही विचारा. सफारी दुपारी अडीच-तीनला सुरू करा. गर्दीच्या दिवसांत एका कळपाभोवती जीपांचं कडं होतं, ते हत्तींना जाचक आहे. चालकाला मागे थांबून इंजिन बंद करायला सांगा. कळप चरत चरत पुढे येतो, तेव्हा मागे थांबलेल्यांनाच चांगला दिसतो.

तिथे सुळे शोधू नका. श्रीलंकेतल्या नरांपैकी फार थोड्यांना सुळे असतात, त्यामुळे बिनसुळ्याचा मोठा हत्ती दिसला की ती हत्तीणच असं समजू नका. डोक्याचा आकार, सोंडेच्या बुंध्याची जाडी आणि पोटाखालची रेषा बघा.

टस्करवाट
हत्ती दिसल्यावर काय करायचं, हे कुणी लिहिलं नाही, ते लिहितो. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं हेच.

निवांत हत्तीचे कान सतत हलत असतात, सोंड गवत उपटत असते, शेपूट झुलत असते. अस्वस्थ झाला की आधी चरणं थांबतं. कान थांबतात. सोंडेचं टोक तुमच्या दिशेने वर येतं. तो वास घेतोय. मग पुढचा एक पाय नुसताच झुलवणं, धूळ उडवणं, डोकं झटकणं. इथेच मागे सरायचं. पुढची पायरी बघायला थांबू नका.

खोटा हल्ला बहुतेक वेळा आवाजासह येतो : कान पसरलेले, चीत्कार, धूळ, आणि काही अंतरावर थबकणं. खऱ्या हल्ल्यात कान मागे चिकटलेले, सोंड आत वळवलेली आणि आवाज जवळजवळ नाहीच. मात्र या फरकाच्या भरवशावर जागेवर थांबू नये. खोटा म्हणून सुरू झालेला हल्ला अंतर कमी पडलं की खरा होतो.

माजावरचा नर ओळखायला शिका. डोळा आणि कान यांच्या मधोमध काळसर ओला ओघळ दिसतो, मागच्या पायांच्या आतल्या बाजूने लघवी ठिबकत असते आणि उग्र वास येतो. अशा नराला रस्ता पूर्ण सोडायचा. त्याच्या मागे गाडी नेणं चूकच. त्याच्या पुढे उभी करणं त्याहून वाईट.

कळप रस्ता ओलांडत असेल तर निम्मा गेल्यावर "आता मोकळं झालं" म्हणून गाडी पुढे घेऊ नका. मागे पिल्लू राहिलेलं असू शकतं. आई आणि पिल्लू यांच्या मध्ये आलेली गाडी मार खाते. माझा ठोकताळा असा : कळपापासून किमान ५० मीटर, माजावरच्या नरापासून त्याच्या दुप्पट. थांबताना गाडीचं तोंड बाहेर पडायच्या दिशेला हवं. हत्ती अगदी जवळ आलेला असताना एकदम इंजिन सुरू केलं तर तो दचकतो, म्हणून अंतर असतानाच निर्णय घ्या. अत्तर-डिओ नको. टाळ्या, शिट्ट्या, फ्लॅश तर नकोच.

बंदीपुरातून केरळला जाणारा राष्ट्रीय महामार्ग ७६६ रात्री ९ ते सकाळी ६ बंद असतो. दिवसा त्या रस्त्यावर गाडी थांबवून उतरणं म्हणजे सफारी नव्हे. तिथे वनरक्षक नसतो आणि हत्तीला पळवाट नसते.

रामगंगा
उत्तराखंडातल्या कॉर्बेटसाठी थोडक्यात. ढिकाला भाग १५ नोव्हेंबर ते १५ जून उघडा असतो. हत्तींसाठी एप्रिलनंतर जा. रामगंगेच्या जलाशयाचं पाणी उतरून ढिकालाचा चौड, म्हणजे गवताळ मैदान, हिरवा होतो. मुक्कामाचं बुकिंग मिळालं तर सोनंच, कारण विश्रामगृहाच्या कुंपणापासूनच चौड दिसतो. नाही मिळालं तर रामनगरहून कॅन्टर, म्हणजे उघडी मोठी सफारी गाडी, आहे.

छिद्रमान
कॅमेऱ्याचं. हत्तीला ६०० मिलिमीटरची लेन्स लागत नाही, तिच्यात नुसता डोळा येतो. ७०-२०० किंवा १००-४०० पुरते. हत्तीने चौकट भरली की कॅमेऱ्याचा प्रकाश मोजणारा मीटर फसतो, काळं अंग करडं फिकट करतो. एक्स्पोजर उणे दोन-तृतीयांश स्टॉप द्या. चमकत्या पाण्यासमोर उलट, अधिकमध्ये जा. बोटीवर शटर १/१००० सेकंदापेक्षा मंद नको. ट्रायपॉडला जीपमध्ये जागा नसते. शिवलेली रिकामी पिशवी न्या, तिथे पोचल्यावर दोन किलो तांदूळ भरा, कठड्यावर ठेवा आणि तिच्यावर लेन्स टेकवा. धुळीत लेन्स बदलू नका. मोठ्या लेन्सला बऱ्याच ठिकाणी वेगळं शुल्क आहे, फाटकावर आधी विचारा.

तिलारीकाठ
एक कळकळीची विनंती. दोडामार्गात २००२पासून कर्नाटकातून आलेले हत्ती आहेत, गडचिरोलीत २०२१मध्ये छत्तीसगडकडून कळप आला. ही बातमी वाचून लोक दोडामार्गातल्या तिलारीत गाड्या घेऊन "हत्ती कुठे आहे" विचारत फिरतात. इथे सफारी नाही. हत्ती माडाच्या, केळीच्या बागांत असतात आणि माणसं रात्रभर जागी असतात. गाड्यांच्या दिव्यांनी आणि गर्दीने हत्ती बिथरतो, आणि तो घुसतो शेजारच्या वाडीत. हत्ती बघायला गडचिरोलीत जायचंच असेल तर कमलापूरचा वनखात्याचा कॅम्प आहे. ते पाळीव हत्ती आहेत, हे लक्षात ठेवून जा.

नैरोबीकर
आफ्रिकेचा विचार असेल तर केनियातलं अंबोसेली. किलिमांजारोचं भूमिगत पाणी तिथल्या दलदलीत वर येतं, म्हणून जून ते ऑक्टोबरच्या कोरड्या दिवसांत हत्ती रोज त्या दलदलीकडे येतात. मैदान उघडं असल्याने दुरूनही दिसतात. पर्वत मात्र पहाटे आणि संध्याकाळीच ढगांतून बाहेर येतो, त्यामुळे मागे किलिमांजारो असलेला फोटो हवा तर पहाटेची फेरी चुकवू नका. धूळ बारीक आणि खारट असते. श्वासाचा त्रास असलेल्यांनी मास्क न्यावा.

दोन गोष्टी मुंबईहून निघण्यापूर्वीच करायच्या. पिवळ्या तापाची लस प्रवासाच्या किमान १० दिवस आधी, सरकारमान्य केंद्रातच घ्या आणि लस घेतल्याचं पिवळं कार्ड पासपोर्टबरोबर ठेवा. ते नसेल तर परतताना भारतात विलगीकरणात ठेवतात. आणि सामानातल्या प्लास्टिकच्या पिशव्या घरीच काढा; केनियात त्यांवर २०१७पासून बंदी आहे. खाकरे-चिवडा डब्यात भरा.