'निवळी' समुद्रात चालेल का?

खानापूरकर: शाळेच्या भित्तिपत्रकासाठी हॅलोबेटिसवर लिहितोय. भर समुद्रात सगळा जन्म काढणारे कीटक एवढेच. चाळीसहून जास्त जाती, पण किनारा पार सोडलेल्या पाचच. पंख नाहीत, अंग जेमतेम अर्धा सेंटिमीटर, मधल्या पायांनी वल्हवत जातात. आमच्याकडं डोहाच्या पाण्यावर चालणाऱ्या किड्याला निवळी म्हणतात, म्हणून मी 'समुद्रनिवळी' लिहिलं. एका सरांनी खोडून 'सागरपृष्ठचर' केलं. म्हणाले, निवळी असा शब्दच नाही. तुमच्याकडं म्हणतात की नाही?

निपाणीची ताई: म्हणतात की! आमच्या विहिरीत आई आधी निवळ्या बघायची, मग घागर सोडायची. निवळ्या पाणी निवळतात, म्हणून ते नाव.

शहापूर पेठ: ताई, पाणी निवळते ती निवळीच्या झाडाची बी. उगाळून घागरीला आतून लावली की गाळ खाली बसतो. हा किडा तर पाण्यावर पडलेल्या माश्या-चिलटांचा रस शोषतो. निवळलेल्या संथ पाण्यावर दिसतो, म्हणून निवळी. भर समुद्रात संथ पाणी कुठलं? सरांचं बरोबर आहे.

खानापूरकर: काका, तेल हा शब्द तिळावरून आला. तरी आपण शेंगांचं तेल म्हणतोच ना? निवळी आणि हॅलोबेटिस दोघंही एकाच कुळातले. मलप्रभेच्या डोहावर पोरं रोज निवळी बघतात. 'सागरपृष्ठचर' वाचून त्यांच्या डोळ्यांपुढं काय येणार? एशोल्ट्झ या शास्त्रज्ञानं 1822 मध्ये ग्रीकमधून हॅलोबेटिस नाव दिलं, त्याचाही अर्थ साधाच, समुद्रावर चालणारा.

शहापूर पेठ: मग 'समुद्रचाल्या' म्हणा. पण बीचं नाव किड्याला नको.

चिकोडीहून: मला 'कीटक' हाच शब्द अडतो. कन्नडात हुळ म्हटलं की अळीही आली, किडाही आला. आमच्यात कोळंबीलाही किडा म्हणून नाक मुरडणारे आहेत.

खानापूरकर: जीवांचं वर्गीकरण करणाऱ्या लिनियसनं 1758 मध्ये खेकडे-कोळंबी कीटकांतच घातली होती. ती पुढं वेगळी काढली. आता सहा पाय असले तरच कीटक.

निपाणीची ताई: पाय मोजून कोण बोलतं हो? गोगलगाईला सगळे किडाच म्हणतात. आणि काका, बी कुणाच्या घरी असली तर फोटो टाका. आमची आई किड्यालाच निवळी म्हणायची, ते मी सोडणार नाही.

शहापूर पेठ: गणपत गल्लीत काष्ठौषधीवाल्याकडं मिळते का बघतो.