निविदा ऑनलाइन आहे, मोजमाप वही कपाटात आहे

रंकाळावेस
काल ग्रुपवर एक पोस्ट फिरत आली. म्हणे ई-निविदा आल्या, कामांचे जिओटॅग केलेले फोटो आले, आता सरकारी कामात चोरीला जागाच उरली नाही. लोक सवयीने ओरडतात, असंही त्यात होतं. वाचून राहवलं नाही.

महाटेंडर या राज्याच्या निविदा पोर्टलवर निविदा येते, डिजिटल सहीने तांत्रिक आणि दराचा असे दोन्ही लिफाफे भरले जातात, कुणाचा दर किती ते दिसतं. पूर्वी पेटीत निविदा टाकायला आलेल्याला दारातच अडवायचे, ते बंद झालं. हे मोठं काम आहे, मी नाकारत नाही. पण कार्यारंभ आदेश निघाल्यावर काय? अंदाजपत्रकात डांबराचा थर किती जाडीचा होता, पडला किती, मोजमाप वहीत (झालेल्या कामाची मापं लिहितात आणि जिच्यावरून बिल निघतं ती वही) लिहिला किती, हे कुठल्या पोर्टलवर दिसतं? चोरी लिफाफ्यात कमी, थरात जास्त होते. आमच्या गल्लीत मे महिन्यात डांबर पडलं आणि नागपंचमीला खडी वर आली. दोषदायित्व कालावधी, म्हणजे खराब झालेलं काम ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायची मुदत, कधीपर्यंत आहे, एवढं सांगायला तीन हेलपाटे घातले, तरी उत्तर नाही.

आपल्या कोल्हापूरच्या पाण्याची थेट पाईपलाईनच घ्या. काळम्मावाडी धरणापासून ५३ किलोमीटर. काम २०१४ ला सुरू झालं, पाणी आलं २०२३ च्या दिवाळीत. मधल्या नऊ वर्षांत जॅकवेल (धरणाचं पाणी उपसायची विहीर) कुठवर आलं, परवानगी कुठं अडली, हे आपल्याला पेपरात वाचून कळत होतं. पैसे आपले होते ना?

जुना शाखा अभियंता
मोजमाप वही म्हणजे चोरीची वही, असा सूर लावलाय त्याचा राग आला म्हणून लिहितो. त्या वहीला पान नंबर असतात, पान फाडता येत नाही, खोडता येत नाही. चुकलं तर रेघ मारून सही करावी लागते. मी मोजलेलं उपअभियंता पुन्हा तपासायचे. ही शिस्त काँप्युटरच्या आधीची आहे. चुकीचा आकडा संगणकात भरला म्हणून तो बरोबर होत नाही. टेप धरायला माणूस लागतो. एका कनिष्ठ अभियंत्याकडे वीस-वीस कामं देता आणि वर ॲप देता. दिवसभर तो फोटो चढवत बसतो, साइटवर जाणार कधी?

पंचगंगाकाठ
फोटोंचं तर बोलूच नका. रोजगार हमीच्या हजेरीचं ॲप २०२१ मध्ये आलं, १ जानेवारी २०२३ पासून सगळीकडे सक्तीचं झालं, दिवसाला दोन फोटो. आणि जुलै २०२५ मध्ये केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयालाच राज्यांना पत्र लिहून सांगावं लागलं की भलतेच फोटो चढतात, फोटोचाच फोटो काढून चढवतात. ज्याची हजेरी खरी होती त्या बाईची मजुरी मात्र नेटवर्क नाही म्हणून बुडते.

उद्यमनगर
रस्ता राहू द्या बाजूला. सरकारी खरेदीचं जेम पोर्टल २०१६ ला आलं तेव्हा वाटलं, आता आपल्या वर्कशॉपचा माल दिल्लीला विकता येईल. आम्ही लोखंडी रॅक, कपाटं करतो. निविदा उघडली की मोजमापं मिलिमीटरपर्यंत एकाच कंपनीच्या कॅटलॉगमधली. वर तीन वर्षांची उलाढाल मागतात. एकदा मिळाली ऑर्डर. माल पोचवला. माल स्वीकारल्याचं प्रमाणपत्र निघाल्यावर दहा दिवसांत पैसे द्यायचे, असा नियम. ते प्रमाणपत्रच चार महिने काढलं नाही! घड्याळ सुरू व्हायच्या आधीच अडवलं. माझ्या पोरांचे पगार मी सोनं ठेवून केले.

रंकाळावेस
हा वेगळा विषय आहे.

कागलकर (ठेकेदार)
वेगळा कसा? हाच विषय हाय. तुम्ही सगळे थर मोजा म्हणालाय, आमचं बिल कोण मोजणार? काम पूर्ण, मोजमाप पूर्ण, सह्या पूर्ण, आणि निधी नाही. डांबर रोख घ्यावं लागतंय, डंपरचा हप्ता पाच तारखेला कापला जातोय. माझी दोन वर्षांची बिलं अडकलीत. जलजीवनच्या नळपाणी कामाचं तर नाव काढू नका.

पंचगंगाकाठ
मग अंदाजपत्रकापेक्षा २५ टक्के कमी दराने कशाला भरता? त्या दरात डांबर पडतंय का? रंकाळावेसच्या गल्लीतल्या थराचं उत्तर तिथंच आहे.

कागलकर (ठेकेदार)
रोलर दारात उभा ठेवून हप्ता फिटतोय काय? मी नाही भरला तर दुसरा भरतोय. सर्वांत कमी दराला काम द्यायचं हे मी ठरवलंय काय? सगळे ठेकेदार चोर म्हणायचं आणि मोकळं व्हायचं, हे बास करा आता. वडिलांपासून ह्या धंद्यात हाय, गावात मान खाली घालून फिरत नाही.

रंकाळावेस
चोर मी म्हटलेलं नाही, आणि कुणी म्हटलं असेल तर चुकलं. पण कमी दराचा खड्डा आम्हीच चुकवायचा, हेही मान्य नाही.

जुना शाखा अभियंता
कागलकरांचं एक पटतं. फाइल कुठल्या टेबलावर किती दिवस पडली, ही तारीख लोकांना दिसली तर निम्मी अडवणूक थांबेल. तिथं संगणक हवा, हे मी मान्य करतो. पण टेप धरणारा माणूस आधी द्या, या मुद्द्यावरून मी हलणार नाही.

राजारामपुरी
माहिती अधिकार कायदा २००५ चं कलम २ वाचा. त्यात नुसती कागदाची प्रत नाही. कामाची पाहणी करायचा, दप्तर बघायचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घ्यायचा हक्क आहे. मी एका गटारीच्या कामात हा अर्ज केला होता. वही समोर आली, आम्ही चौघांनी टेप लावला, लांबी अकरा मीटरने कमी भरली. बिल दुरुस्त झालं. अर्जापासून दुरुस्तीपर्यंत सात महिने गेले. ती वही पोर्टलवर असती तर एका संध्याकाळचं काम होतं.

उद्यमनगर
आणि खरेदीतलं प्रमाणपत्र?

राजारामपुरी
त्यालाही अर्ज लागू आहे. माल कधी पोचला आणि प्रमाणपत्र कधी काढलं, दोन्ही तारखा मागा. मसुदा मी देतो.

कागलकर (ठेकेदार)
रंकाळावेस, तुमच्या गल्लीचं काम माझं नाही. पण माझा एक रस्ता करवीरमध्ये झालाय. दोन आठवड्यांत या, कोअर (रस्त्याचा कापून काढलेला गोल नमुना) काढा, जाडी मोजा, मी समोर उभा राहतो. मापात बसला तर तेही इथंच लिहायचं, आणि बिल किती दिवस थकलंय तेही.

रंकाळावेस
येतो. अभियंता साहेब, टेप तुम्ही धरणार का?

जुना शाखा अभियंता
रविवार सोडून कधीही. कोअर कटरची सोय मात्र आधी करा, नुसत्या टेपनं जाडी कळत नाही.