फुटबॉल मॅनेजर: एमएलएसमध्ये ट्रेड जमत नाही, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, फोंड्याहून लिहितोय. फुटबॉल मॅनेजर या क्लब चालवायच्या कॉम्प्युटर गेममध्ये एमएलएस या अमेरिकेतल्या लीगमधला एलए गॅलेक्सी क्लब घेतलाय. तिथे क्लबला परदेशी खेळाडूंच्या मुळात 8 जागा, माझ्या सगळ्या भरल्या. आता ब्राझीलचा झकास लेफ्ट बॅक मिळतोय, पण बसवू कुठे? दुसऱ्या क्लबकडून एक जागा घ्यायला पुढच्या सुपरड्राफ्टचा (कॉलेजचे खेळाडू क्लबांनी पाळीपाळीने निवडायचा कार्यक्रम) पहिल्या फेरीचा पिक, म्हणजे निवडीची पाळी, देऊ केला, तर समोरचा क्लब ढुंकून बघत नाही. वर माझा विशीतला स्ट्रायकर मागतो! म्हापशाच्या बाजारात मिरची घेतानाही एवढी घासाघीस होत नाही.

पिकला गेममध्ये किंमतच नाही का? की सोबत ॲलोकेशन मनी (लीगकडून क्लबला खेळाडूंच्या व्यवहारांसाठी मिळणारी रक्कम) जोडावं लागतं? सीझन संपल्यावर विचारलं तर ऐकतात का? स्ट्रायकर मात्र सोडणार नाही, ते सुचवू नका.