खकाणा उठला की घसाच मिटतो. मदत हवी आहे

गवतीचहा: फोडणीत मिरची पडली की घसा आवळतो, श्वास आत जाईना, शिट्टीसारखा आवाज येतो. मग ठसका. दुर्बीण घालून झाली, सगळं नॉर्मल म्हणे. मग होतंय कशानं? चिमणी सुचवू नका, आहे. लवकर सांगा, रविवारी मसाला कुटायला न्यायचाय.

निवांतकाका: वय? दमा? शिट्टी श्वास घेताना की सोडताना? काही गोळ्या?

खलबत्ता: जेष्ठमध चघळा. आमच्या आईचा ठसका त्यानंच गेला.

भूलवाला: घेताना वाजत असेल तर बहुधा स्वरतंतू मिटताहेत, दम्यात शिट्टी सहसा सोडताना येते. मिरचीतलं कॅप्सायसिन नसांच्या टोकांवरचे टीआरपीव्ही-१ रिसेप्टर (जाणीव टिपणारी प्रथिनं) चेतवतं, चटका बसल्यावर चेततात तेच. स्वरतंतूंच्या वरच्या भागातली खबर सुपीरियर लॅरिंजिअल नस मेंदूच्या बुंध्याकडे नेते, मिटायचा हुकूम रिकरंट लॅरिंजिअल नसेतून येतो. दोन्ही व्हेगसच्या, म्हणजे मेंदूतून छाती-पोटाकडे जाणाऱ्या मोठ्या नसेच्या शाखा. फुप्फुसं वाचवायची सोयच ती, तुमच्यात फार हळवी झालेली दिसते. दुर्बिणीत हळवेपणा दिसत नाही, आणि तपासताना कुणी फोडणी देत नाही!

खलबत्ता: म्हणजे कफच की.

भूलवाला: कफ मध्येच कुठून आला?

टिवल्याबावल्या: मला कान कोरताना खोकला येतो, ते काय?

निवांतकाका: व्हेगसची एक फांदी कानातही जाते. आता ताईंना बोलू द्या. ताई, गोळ्या?

गवतीचहा: वय ५२, दमा नाही, घेतानाच. बीपीची रामिप्रिल आहे, या वयात कुणाला नसते? तिचा मिरचीशी काय संबंध?

भूलवाला: असू शकतो. या गटातल्या गोळ्यांनी शरीरात ब्रॅडीकायनिन नावाचं रसायन साठतं, काहींना कोरडा खोकला लागतो, मिरचीचा ठसकाही लवकर लागतो. घसा मिटण्याचं कारण तेच असेल असं नाही, पण डॉक्टरांना गोळी बदलता येईल का विचारा.

खलबत्ता: मी तर म्हणतो, बंदच करा गोळी.

निवांतकाका: अहो, बीपी चढलं तर तुम्ही येणार का धावून? ताई, मनानं काही बंद करू नका. ओठ किंवा जीभ सुजली तर मात्र थेट इस्पितळ गाठा.

भूलवाला: घसा मिटला की नाकानं हुंगल्यासारखे छोटे श्वास घ्या, ओठांचा चंबू करून सावकाश सोडा. आणि रविवारी दुसऱ्या कुणाला पाठवा.

गवतीचहा: दुसरं कोण जाणार? बरं, उद्या फोन करते डॉक्टरांना.

रस्सामंडळ: ब्याडगी जास्त घाला, रंग येतो आणि तिखटही बेताचं. कुठल्या डंकावर जाताय?