गोवर एकदाच का होतो?
फ्लू दरवर्षी गाठतो, मग गोवर आयुष्यात एकदाच का, असा प्रश्न पडतो. यासाठी उत्तर अटलांटिक महासागरातल्या फेरो बेटांचं उदाहरण वाचायलाच हवं. तिथे १७८१ मध्ये गोवराची साथ आली आणि त्यानंतर थेट १८४६ मध्ये. मधली ६५ वर्षं गोवर नाहीच! दुसऱ्या खेपेला सुमारे ७,८०० पैकी ६,००० लोक आजारी पडले. पेटर पानुम हा तरुण डॅनिश डॉक्टर गावोगाव फिरला, तेव्हा त्याला दिसलं की १७८१ मध्ये गोवर होऊन गेलेल्या म्हाताऱ्यांपैकी एकालाही तो पुन्हा झाला नव्हता. १७८१ मध्ये गोवर न झालेले म्हातारे मात्र आता त्याच्या तावडीत सापडले. म्हणजे हा वयाचा परिणाम नव्हे.

गोवर पुन्हा होऊ न देण्याचं हे काम बी-पेशींचं, म्हणजे एका प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशींचं. आजार गेल्यावर त्यातल्या काही अस्थिमज्जेत (हाडांच्या आतल्या मऊ भागात) मुक्काम ठोकतात आणि वर्षानुवर्षं प्रतिपिंडं, म्हणजे विषाणूला अडवणारी प्रथिनं, बनवत राहतात. ही प्रतिपिंडं विषाणूच्या बाहेरच्या प्रथिनांना चिकटतात. फ्लूचा विषाणू नेमकी तीच प्रथिनं बदलत राहतो, त्यामुळे जुनी प्रतिपिंडं नीट बसत नाहीत. तेव्हा पुन्हा फ्लू झाला म्हणून प्रतिकारशक्तीला कृपया दोष देऊ नका. गोवराच्या विषाणूला असे बदल झेपत नाहीत. १९५४ साली एका मुलाच्या शरीरातून मिळवलेल्या विषाणूपासून तयार झालेली लस म्हणूनच आजही तितकीच उपयोगी पडते.