शेरीनाल्यातून औषध? मिरजेत फेज-संग्रह उभा करावा का

कृष्णाकाठ: सांडपाण्याचा शेरीनाला सांगलीत कृष्णेला मिळतो म्हणून आपण वर्षानुवर्षं कंठशोष करतोय. पण क्लेबसिएला, स्युडोमोनास या जिवाणूंना फोडणारे विषाणू, म्हणजे फेज, असल्याच घाणीत मिळतात. मिरजेत इतकी रुग्णालयं आहेत. तिथले अँटिबायोटिकला दाद न देणारे जिवाणू घेऊन इथेच संग्रह का करू नये? सांडपाणी प्रक्रियेआधीचं घ्या, क्लोरीननंतर फेज कमी होतात. 50 मिली सेंट्रिफ्यूज करून आधी 0.45 आणि मग 0.22 मायक्रॉनच्या फिल्टरमधून काढा, थेट 0.22 लावला तर लगेच तुंबतो. तेवढाच दुप्पट तीव्रतेचा ब्रॉथ (जिवाणू वाढवायचं द्रव खाद्य), जोमात वाढणारा जिवाणू आणि 1 ते 2 मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइड घालून 37 अंशांवर रात्रभर ठेवा. सकाळी पुन्हा गाळून त्याच जिवाणूच्या थरावर थेंब टाका.

प्लेटवाला: थेंबाखाली जागा स्वच्छ झाली म्हणजे फेज सापडला, असं नाही. बॅक्टेरिओसिननेही, म्हणजे जिवाणूच सोडतात त्या जिवाणूमारक प्रथिनानेही, अगदी तसाच डाग पडतो. दहा-दहा पट विरळ करत जा. सुटे प्लाक, म्हणजे जिवाणूंच्या थरात पडलेले छोटे स्वच्छ ठिपके, दिसले तर फेज. डाग नुसता फिकट होत गेला तर नाद सोडा. जिवाणू मिसळून प्लेटवर ओतायची मऊ अगर-जेली 0.5 ते 0.7 टक्के, ओतताना 45 ते 48 अंश. त्याहून गरम असेल तर जिवाणू मरतो, गार झाली तर गुठळ्या होतात. प्लेट ओली राहिली की प्लाक एकमेकांत मिसळतात. शिवाय एकच प्लाक टोचून निदान तीनदा शुद्ध करावा लागतो.

आणि हे एम.एस्सी.ची पोरंही करतात. खरी अडचण पुढे आहे. जिवाणू फुटला की त्याच्या आवरणातलं विष, एंडोटॉक्सिन, सुटतं आणि ते 0.22 च्या फिल्टरला जुमानत नाही. फेजच्या जीनोममध्ये इंटिग्रेज (जिवाणूच्या डीएनएत शिरायला लागणारं एन्झाइम) निघाला तर तो जिवाणूत मुक्काम ठोकणारा असू शकतो, म्हणून बाद. फॅगोबर्न चाचणीत भाजलेल्या रुग्णांना फेज द्यायचे होते मिलिलिटरला 10 लाख. साठवणुकीत ताकद घटून पोचले 10 ते 100. तयार औषधाची ही गत, नाल्याचं काय घेऊन बसलात!

कृष्णाकाठ: फॅगोबर्नमध्ये डोस फसला, कल्पना नव्हे. 2016 मध्ये सॅन डिएगोत टॉम पॅटरसन यांना अॅसिनेटोबॅक्टर या जिवाणूच्या संसर्गातून फेजच्या मिश्रणाने वाचवलंच ना? तेव्हा काही फेज सांडपाण्यातूनच शोधले होते. ओएमकेओ1 हा फेज तर स्युडोमोनासचा औषध बाहेर फेकणारा पंपच पकडतो. जिवाणूने सुटण्यासाठी पंप बदलला की जुनी अँटिबायोटिकं पुन्हा लागू पडतात.

वारणाकाठ: आता कुणी गंगाजल काढेलच, म्हणून आधीच सांगतो. जिवाणूशास्त्रज्ञ हॅन्किनने 1896 मध्ये गंगा-यमुनेच्या पाण्यात कॉलऱ्याचे जंतू मरतात हे नोंदवलं. पण तेवढ्यावरून कृष्णेचं पाणी जखमेवर ओतू नका, त्यात रोगजंतूही आहेत.

प्लेटवाला: पॅटरसन हा एक रुग्ण, आणि अँटिबायोटिकही चालूच होती. क्लेबसिएलाच्या कॅप्सूलचे, म्हणजे बाहेरच्या आवरणाचे, 70 हून जास्त प्रकार. बहुतेक फेज त्यातल्या एखाद-दुसऱ्यालाच धरतात. रुग्णाचा जिवाणू वाढवायचा, संग्रहातला एकेक फेज लावून बघायचा, यात दोन-तीन दिवस जातात. आयसीयूतल्या सेप्सिसला तेवढी सवड नसते.

कृष्णाकाठ: सेप्सिस धरूच नका. मधुमेहाची न भरणारी जखम, सांध्याच्या रोपणातला संसर्ग, पुनःपुन्हा होणारा लघवीचा संसर्ग, इथे आठवडा मिळतो.

प्लेटवाला: मग नाला नंतर बघा. आधी रुग्णालयांतले जिवाणू 20 टक्के ग्लिसरॉलमध्ये उणे 80 वर साठवायला लागा, अँटिबायोग्रामसकट, म्हणजे कोणतं अँटिबायोटिक लागू पडतं त्या नोंदीसकट. फेज एसएम बफर या क्षारांच्या द्रावणात 4 अंशांवर टिकतात, पण यजमान जिवाणूच हाताशी नसेल तर त्यांची परीक्षा घेणार कशावर? आणि त्या फ्रीझरचं वीजबिल कोण भरणार, तेही याच धाग्यात ठरवा.